टायमर टाकला की झालं?

बोईसरच्या एमआयडीसीत कारखान्यांना छोटी डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्यांची एक जमात आहे. मी त्यातलाच. रिअ‍ॅक्टरचं तापमान, बॉयलरचं प्रेशर, वजनकाट्यावरचा आकडा, ईटीपीतल्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतल्या) पाण्याचा पीएच हे सगळं पीएलसीकडून (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरकडून) किंवा थेट मीटरकडून वाचायचं, स्क्रीनवर दाखवायचं आणि शिफ्ट संपली की एक्सेलमध्ये रिपोर्ट काढून द्यायचा, असा हा धंदा. या धंद्यातल्या जुन्याजाणत्यांचं एक मत आता नियम होऊन बसलंय: फॉर्मवर एक टायमर टाक, दर सेकंदाला सगळं वाच, सगळं रंगव. डेटा बाइंडिंग, चेंज नोटिफिकेशन ही पुण्या-बंगळुरूच्या एसी ऑफिसांतली थेरं; आपल्याला परवडत नाहीत आणि लागतही नाहीत. पालघरचा डिप्लोमावाला नवा पोरगा कामाला लागला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या कानात हा मंत्र पडतो, आणि पुढची दहा वर्षं तो तोच जपत राहतो.

माझा या मताला विरोध आहे, आणि तो चवीचा किंवा फॅशनचा प्रश्न नाही.

वाद कशाचा ते आधी साध्या भाषेत सांगतो. प्रोग्रामच्या मेमरीत एक आकडा असतो आणि स्क्रीनवर त्याचीच एक प्रत असते. कधी एक, कधी पाच. या प्रती मूळ आकड्याशी जुळत्या ठेवायच्या कशा? एक रस्ता म्हणजे जिथे जिथे आकडा बदलतो तिथे तिथे हाताने लिहायचं, की आता हा चौकोन बदल, तो चौकोन बदल. दुसरा टायमरचा: काही बदललंय की नाही न बघता ठरावीक वेळाने सगळंच पुन्हा उतरवायचं. तिसरा रस्ता असा की आकडा सांभाळणाऱ्यानेच बदल झाला की हाळी द्यायची, आणि ज्याला गरज आहे त्याने ती ऐकून स्वतःपुरतं ताजं व्हायचं. ही हाळी म्हणजे चेंज नोटिफिकेशन, आणि कुठला चौकोन कोणाची हाळी ऐकतो हे एकदाच बांधून ठेवणं म्हणजे बाइंडिंग. मायक्रोसॉफ्टने २००५ साली डॉटनेटच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यासाठी आय-नोटिफाय-प्रॉपर्टी-चेंज्ड नावाचा इंटरफेस दिला. त्यात एक इव्हेंट आहे, बाकी काही नाही. पुढच्या वर्षी आलेल्या डब्ल्यूपीएफ या स्क्रीन बनवण्याच्या चौकटीचा डोलारा बराचसा या एका इव्हेंटवर उभा आहे. एका इव्हेंटला थेरं म्हणणाऱ्यांनी आपल्या फॉर्ममधल्या टायमरच्या फंक्शनच्या ओळी एकदा मोजून बघाव्यात.

आता ‘एसी ऑफिस’चा मुद्दा. ही कल्पना ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते ट्रिग्वे रीन्सकाउग हे नॉर्वेचे. साठच्या दशकात त्यांनी ऑटोकॉन नावाची प्रणाली केली, ती जहाजबांधणीच्या यार्डासाठी, पोलादाचे पत्रे कापण्याच्या कामासाठी. १९७८-७९ मध्ये ते झेरॉक्सच्या पार्क या संशोधनसंस्थेत पाहुणे म्हणून गेले, आणि १९७९ साली त्यांनी मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर ही मांडणी टिपणांत लिहून काढली. डोक्यात होतं ते यार्डाचं नियोजन: एकच माहिती, तिच्याकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघणारी माणसं, आणि प्रत्येकाला आपल्या नजरेतलं चित्र खरं दिसलं पाहिजे. स्मॉलटॉक या भाषेत त्यासाठी सोय होती. प्रत्येक वस्तूकडे तिच्यावर अवलंबून असणाऱ्यांची यादी असे. वस्तू ‘चेंज्ड’ म्हणाली की यादीतल्या प्रत्येकाला ‘अपडेट’चा निरोप जाई. बघणारे कोण आणि किती, हे वस्तूला ठाऊक असण्याची गरज नव्हती. थोडक्यात, कल्पनेच्या एका पायाला तरी यार्डातलं ग्रीस लागलेलं आहे.

आणि कारखान्याला नोटिफिकेशन नवीन कुठे आहे? पॅनलवरचा अनन्सिएटर काय करतो? प्रेशर वाढलं की त्याची खिडकी उघडझाप करू लागते, हूटर वाजतो, आणि ऑपरेटरने अ‍ॅकनॉलेजचं बटण दाबेपर्यंत तो गप्प बसत नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले. त्या पिढीच्या कंट्रोल रूममध्ये, अणुवीज असो की औष्णिक, प्रत्येक दिव्याला आणि काट्याला स्वतःची तार असे. ते तांब्याचं बाइंडिंगच होतं. संगणक आला, तारा गेल्या, आणि ज्या मंडळींनी हयातभर हूटरवर विश्वास ठेवला तीच मंडळी सॉफ्टवेअर लिहायला बसल्यावर हूटर काढून चौकीदार ठेवू लागली, जो दर सेकंदाला सगळ्या प्लांटला फेरी मारतो आणि काही घडलंय का हे कोणालाच सांगत नाही.

टायमर प्रत्यक्षात काय करतो ते जरा जवळून बघा. रिअ‍ॅक्टरच्या स्क्रीनवर सेटपॉइंटचा चौकोन आहे. त्यात ६० आहे आणि ऑपरेटरला ६५ करायचंय. तो क्लिक करतो, शून्य खोडतो, ५ दाबणार एवढ्यात टायमरचा ठोका पडतो आणि चौकोनात पुन्हा ६० उमटतं. विंडोज फॉर्म्स या डब्ल्यूपीएफच्या आधीच्या चौकटीत मजकूर असा बाहेरून बदलला की कर्सर सुरुवातीला जाऊन बसतो. ऑपरेटरचं बोट तर निघालेलं आहे. चौकोनात आता ५६० आहे. नशीब चांगलं असेल तर मर्यादा तपासणारी ओळ कोणीतरी लिहिलेली असते.

टायमरवाल्यांकडे यावर तोडगा तयार असतो: चौकोनात फोकस असेल तर तो वगळायचा. ठीक. मग कॉम्बोबॉक्स उघडा असताना आपोआप मिटायला लागतो, त्याच्यासाठी दुसरा अपवाद. मग अलार्मची ग्रिड. ती दर सेकंदाला रिकामी होते आणि पुन्हा भरते, त्यामुळे निवडलेली ओळ सुटते आणि स्क्रोल उडी मारून वर जातो. ऑपरेटर तिसऱ्या ओळीतल्या ‘जॅकेट टेम्परेचर हाय’वर माउस नेतो, क्लिक करेपर्यंत वर एक नवीन अलार्म शिरलेला असतो, आणि अ‍ॅकनॉलेज भलत्याच अलार्मला लागतं. लॉगमध्ये नोंद ऑपरेटरच्या नावावर. दुसऱ्या दिवशी मेमो त्याला, प्रोग्रामरला नाही. वर्षभरात त्या फॉर्ममध्ये इजलोडिंग, इजएडिटिंग, स्किपअपडेट अशा खुणांचं रान माजतं आणि कुठली खूण कधी खरी असते हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. ‘साधा’ म्हणून निवडलेला रस्ता इथे येऊन पोहोचतो. याउलट ऑब्झर्व्हेबल कलेक्शनची, म्हणजे स्वतःच हाळी देणाऱ्या यादीची, हाळी सांगते की अमुक जागी एक ओळ आली किंवा तमुक ओळ गेली. ग्रिड तेवढीच ओळ हलवते, आणि निवडलेला अलार्म यादीत खाली सरकला तरी निवडलेलाच राहतो.

याहून वाईट प्रकार केबल तुटल्यावर होतो. विंडोज फॉर्म्सचा नेहमीचा टायमर ज्या धाग्यावर (थ्रेडवर) स्क्रीन रंगते त्याच धाग्यावर चालतो. त्याच्या ठोक्यात सिरियल पोर्ट वाचायचा म्हणजे मीटर उत्तर देईपर्यंत स्क्रीनने श्वास रोखून बसायचं. सगळे मीटर ठणठणीत असतात तोवर हे लक्षात येत नाही. समजा, एका आरएस-४८५ केबलवर दहा कंट्रोलर आहेत, प्रत्येकाला एक सेकंदाचा टाइमआउट, आणि फोर्कलिफ्टने केबल ओढली. एका फेरीला दहा सेकंद गेले; प्रत्येकी तीनदा प्रयत्न करायची सोय ठेवली असेल तर तीस. तेवढा वेळ स्क्रीन पांढरी, वरच्या पट्टीत ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. ज्या क्षणी ऑपरेटरला स्क्रीनची सर्वांत जास्त गरज आहे नेमकी त्याच क्षणी ती मेलेली. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला जातो आणि ‘सिस्टिम हँग झाली होती’ असं रजिस्टरमध्ये लिहिलं जातं. हँग काही होत नाही; सांगितलेलं काम ती निमूट करत असते.

इथे टायमरवाले एक रास्त मुद्दा काढतील, आणि तो मान्य केलाच पाहिजे. मॉडबस या मीटरशी बोलण्याच्या प्रोटोकॉलमध्ये मीटर आपणहून तोंड उघडत नाही. १९७९ पासून त्या प्रोटोकॉलचा शिरस्ताच तो आहे: मास्टरने विचारायचं, स्लेव्हने उत्तर द्यायचं. म्हणजे ठरावीक वेळाने विचारणारं कोणीतरी हवंच. बरोबर. माझा विरोध टायमरला नाही, त्याच्या जागेला आहे. विचारपूस प्रोग्रामच्या वेशीवर, मागच्या धाग्यावर, एकाच ठिकाणी करा. आलेला आकडा आधीच्याशी ताडून बघा. वेगळा असेल तरच आत हाळी द्या. वेशीच्या आत मग कोणी कोणाला विचारत फिरायचं नाही. शेकडो टॅग सेकंदाला अनेकदा बदलत असतील तर हाळ्यांचा पूर येतो, तोही वेशीवरच थोपवायचा: किरकोळ चढउतार गाळायचे, उरलेले गोळा करून सेकंदातून तीनचार वेळा एकदम सोडायचे. माणसाच्या डोळ्याला त्याहून जास्त लागत नाही. धागा बदलण्याची काळजीही तिथेच घ्यायची. डब्ल्यूपीएफ एकट्या प्रॉपर्टीची हाळी स्वतःच स्क्रीनच्या धाग्यावर नेऊन पोहोचवतो, पण यादीत परक्या धाग्यावरून भर घातली तर सरळ एक्सेप्शन फेकतो. विंडोज फॉर्म्समध्ये दोन्ही आपणच सांभाळायचं. हे एकदा लिहायचं काम आहे, प्रत्येक फॉर्ममध्ये नाही.

आता विरोधी बाजूचे खरे वार. बाइंडिंग चुकलं तर ते ओरडत नाही. प्रॉपर्टीचं नाव एका अक्षराने चुकलं की चौकोन रिकामा राहतो, प्रोग्राम निवांत चालू राहतो, आणि तक्रार उमटते ती व्हिज्युअल स्टुडिओच्या आउटपुट खिडकीत, जिकडे कोणी बघत नाही. हा आरोप शंभर टक्के खरा आहे. डब्ल्यूपीएफ बनवणाऱ्यांचा हा निर्णय कारखान्याच्या कामात घातक आहे असंच माझं मत आहे. पण त्याला उपाय आहे: त्या तक्रारींना श्रोता जोडायचा आणि चाचणीच्या काळात एक जरी तक्रार आली तरी प्रोग्राम थांबवायचा. कोडमधल्या नावांच्या चुकांसाठी भाषेनेही सोयी दिल्या: २०१२ मध्ये कॉलर-मेंबर-नेम आलं, २०१५ मध्ये नेमऑफ. ज्यांनी २००८ साली एकदा हात पोळून घेतला ते अजून त्या जुन्या फोडाच्या गोष्टी सांगतात.

दुसरा वार मेमरीचा. फॉर्म बंद केला, पण हाळी देणाऱ्याच्या यादीत त्याचं नाव राहिलं, म्हणून तो मेमरीतून जातच नाही; प्लांटमधला प्रोग्राम महिनोन्‌महिने चालू असतो आणि फुगत जातो. हेही होतं. हाताने जोडलेला इव्हेंट हाताने सोडवावा लागतो, यात सूट नाही. पण डब्ल्यूपीएफचं स्वतःचं बाइंडिंग ही हाळी अशा सैल पकडीने ऐकतं की ऐकणारा मेला तर हाळी देणारा त्याला अडवून धरत नाही. गंमत म्हणजे, या बाइंडिंगमधली मेमरी गळण्याची एक प्रसिद्ध तऱ्हा नेमकी तेव्हा घडते जेव्हा तुम्ही हाळी न देणाऱ्या साध्या वस्तूला चौकोन बांधता. म्हणजे नोटिफिकेशनचा खर्च वाचवायला गेलेला माणूस गळतीचं बिल भरतो.

तिसरा वार मला सगळ्यांत जड वाटतो. वजनकाट्याचं बघा: नेट म्हणजे ग्रॉस वजा टेअर. टेअर बदलला की टेअरने हाळी दिली, पण नेटचीही हाळी द्यायची हे प्रोग्रामर विसरला. स्क्रीनवर टेअर नवा, नेट जुना. ट्रक गेटबाहेर, चलन चुकीचं. टायमरवाले म्हणतात, आमच्याकडे असं होऊच शकत नाही, आम्ही दर सेकंदाला सगळं नव्याने काढतो. कबूल. फक्त एक विचारतो: तुमच्याकडे नेट कुठे काढलं जातं? काट्याच्या फॉर्ममध्ये एकदा, चलनाच्या फॉर्ममध्ये एकदा, रिपोर्टमध्ये आणखी एकदा. एका ठिकाणी दहा किलोला राउंड केलेलं, दुसरीकडे नाही. तीन ठिकाणी तीन नेट, आणि प्रत्येक नेट सेकंदासेकंदाला अगदी ताजं! बाइंडिंगवाल्याची चूक एका जागी असते, आणि ती काटा न जोडता, ट्रक न आणता, ऑफिसात बसून चाचणीत पकडता येते: टेअर बदला, नेटची हाळी आली का बघा. तुमच्या तीन सूत्रांची चाचणी घ्यायला काट्यावर ट्रक उभा करावा लागतो. हल्ली तर एका खुणेने ‘टेअर बदलला की नेटचीही हाळी दे’ असं लिहून ठेवता येतं.

इथवर मी बाइंडिंगचा वकील होतो. पण बाइंडिंगच्या भक्तांनाही सोडायचं कारण नाही. त्यांची समजूत असते की बांधलं की स्क्रीन आपोआप खरी राहते. नाही राहत. हाळी बदलाची असते, आणि बदल थांबला याची हाळी कोणी देत नाही. तापमान तासभर ६२.४ आहे, याचे अर्थ दोन: बॅच छान स्थिर आहे, किंवा केबल तासाभरापूर्वी मेली. नोटिफिकेशनच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, शांतता. टायमरवाल्यांनी इथे लगेच खूश होऊ नये. त्यांचा टायमर मेमरीतला तोच मेलेला ६२.४ दर सेकंदाला नव्या उत्साहाने रंगवत असतो, आणि भरीला कोपऱ्यात चालू घड्याळ दाखवतो, म्हणजे तो आकडा आणखीच जिवंत वाटतो. ओपीसी या कारखान्यातल्या माहितीच्या देवाणघेवाणीच्या मानकाने नव्वदच्या दशकात जी पद्धत घालून दिली ती म्हणूनच मला मोलाची वाटते. तिथे नुसता आकडा कधीच येत नाही. आकडा, त्याचा दर्जा आणि त्याची वेळ हे त्रिकूट येतं. वाचनाच्या वयाचाही हिशोब ठेवा, तेही बांधा, आणि पाच सेकंद नवं वाचन आलं नाही तर आकडा राखाडी होऊ द्या किंवा सरळ रेघ दाखवा.

तारापूरमध्ये, म्हणजे आमच्या याच एमआयडीसीत, ही बाब नुसत्या कारागिरीची राहत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या औद्योगिक प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात सर्वांत वर होतं. २०१४ पासून मंडळाने अतिप्रदूषणकारी म्हणून ठरवलेल्या सतरा प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्याचं आणि धुराचं ऑनलाइन मोजमाप बंधनकारक केलं. ईटीपीच्या बाहेरच्या चेंबरमधला पीएच रात्रभर ७.२ राहिला, तर ते पाणी स्वच्छ आहे, प्रोब कोरडा पडलाय, की मधला प्रोग्राम शेवटचा आकडाच घोळवत बसलाय? ज्या प्रोग्रामकडे वाचनाची वेळच नाही त्याच्या आकड्यावरून हे कोणालाच सांगता येत नाही, कारखान्याच्या मालकालाही नाही. खाडीत मेलेले मासे वर आले की मग चौकशी होते, आणि त्या रात्रीच्या नोंदीत सुंदर सरळ रेषा सापडते.

भक्तांची दुसरी चूक दुहेरी बाइंडिंगची. चौकोनात टाइप केलं की ते मॉडेलमध्ये जातं, मॉडेलमधलं चौकोनात येतं. माणसाच्या नाव-पत्त्यासाठी उत्तम. मशीनसाठी मी ते वापरू देत नाही. ऑपरेटरने ६५ लिहिलं, मॉडेलने घेतलं, हाळी दिली, सगळ्या स्क्रीनवर ६५ झळकलं. पीएलसीने ते स्वीकारलंच नव्हतं. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात हाच घोटाळा तांब्याच्या तारेवर झाला. तिथल्या एका रिलीफ व्हॉल्व्हचा पॅनलवरचा दिवा विझला, म्हणून ऑपरेटर समजले की व्हॉल्व्ह मिटला. पण तो दिवा व्हॉल्व्हच्या स्थितीला जोडलेलाच नव्हता. मिटायची आज्ञा गेली की तो विझे. व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता, दोन तासांहून जास्त वेळ थंड करणारं पाणी निसटत राहिलं, आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. बाइंडिंग बिनचूक होतं, भलत्याच गोष्टीशी होतं. म्हणून सेटपॉइंटचे दोन आकडे लागतात, एक मागितलेला आणि एक पीएलसीकडून परत वाचलेला. दोन्ही वेगवेगळे बांधायचे, आणि जुळेपर्यंत रंग पिवळा.

‘एवढं सगळं आमच्या पन्नास हजारांच्या कामात कुठे बसवायचं?’ हा शेवटचा प्रश्न, आणि तो प्रामाणिक आहे. वेशीवरचा वाचक, त्रिकूट आणि हाळी हे एकदा लिहिलं की पुढच्या प्रत्येक कामात तेच चालतं. टायमरमधला कोड प्रत्येक गिऱ्हाइकाकडे नव्याने कॉपी-पेस्ट होतो आणि वेगवेगळा सडतो. एकाच स्क्रीनचं, नुसतं बघायचं, काही टाइप न करायचं काम असेल तर खुशाल टायमर टाका, माझी हरकत नाही. पण वाचनाची वेळ तिथेही दाखवा.

प्लांट मॅनेजरांना सी शार्प यायची गरज नाही. पुढच्या वेळी आमच्यापैकी कोणी सॉफ्टवेअर सोपवायला आला, तर बिल पास करण्याआधी बॅच चालू नसताना त्याच्यासमोर कम्युनिकेशनची केबल उपटा आणि मनगटावरचं घड्याळ बघा. आकडे किती सेकंदांनी राखाडी झाले? झाले का? खिडकी माउसने हलते का, की पांढरी पडली? केबल पुन्हा लावा आणि काही बंद-चालू न करता आकडे परत येतात का बघा. मग पीएलसी नवा सेटपॉइंट स्वीकारणार नाही अशी व्यवस्था करायला सांगा, सेटपॉइंट बदला, आणि स्क्रीनवर नवा आकडा लगेच हिरवा होऊन आला तर बाकीची रक्कम खिशातच ठेवा.